लिंक्डइन खातं अडकलंय: ओळखपत्र द्यावं, नवीन काढावं, की भाड्याने द्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे चुकीचं समजलो असेन तर सांगा.

तुम्ही झरी जामणी तालुक्यातले, बीएस्सी ॲग्री. एका बियाणे कंपनीत कंत्राटावर फील्ड ऑफिसर होतात, हंगाम सरला तसं कंत्राटही सरलं. मग नोकरीसाठी लिंक्डइनवर जोर लावला. मित्राने लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून दिलं, ते रात्रंदिवस एचआरवाल्यांना आपोआप रिक्वेस्ट पाठवत राहिलं. काही दिवसांत खातं अडकलं आणि आता आत जायचं तर सरकारी ओळखपत्र मागतंय. प्रोफाइलवर ‘कृषिमित्र’ आणि पुढे टोपणनाव आहे, आधारवर पूर्ण नाव वेगळं. नेट कॅफेवाला म्हणतो, ‘कायले टेन्शन घेता, नवीन आयडी काढून देतो.’ त्यातच टेलिग्रामवर कोणीतरी तुमच्या थोरल्या भावाचं चालू खातं महिना तीन हजार रुपये भाड्याने मागतोय.

वरवर पाहता हे तीन प्रश्न आहेत. माझ्या मते दुखणं एकच आहे. त्या खात्यावर बसलेला माणूस तुम्हीच आहात, हे लिंक्डइनला कशावरूनच ओळखता येत नाहीये. नाव तुमचं नाही, रिक्वेस्ट यंत्र पाठवतंय, लॉगिन कधी तुमच्या फोनवरून, कधी मित्राच्या लॅपटॉपवरून, कधी कॅफेतून. चोराने खातं पळवलं तरी त्यांना नेमकं हेच दिसतं. त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं एकाच दिशेचं आहे: खातं एका माणसाचं दिसलं पाहिजे आणि त्याच माणसाला परत मिळवता आलं पाहिजे.

मी वणीत संगणक केंद्र चालवतो. एमएस-सीआयटी, टायपिंग, टॅली हे रोजचं. जोडीला पोरापोरींची नोकरीची प्रोफाइल लावून देतो आणि बुटीबोरी, चंद्रपूरकडच्या काही कंपन्यांना माणसं सुचवतो. म्हणून खातं अडकलेला पोरगाही माझ्यासमोर बसतो आणि त्याची प्रोफाइल पाहणारा एचआरही माझ्याशी फोनवर बोलतो.

आता तुमच्या अडलेल्या खात्याकडे. अडवणूक सगळी सारखी नसते. कधी स्क्रीनवर तारीख-वेळ देऊन ‘तोपर्यंत थांबा’ म्हणतात. तिथे थांबण्यापलीकडे काही करायचं नसतं. कधी ओळखपत्र मागतात, म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात हे पटवलं तर दार उघडू शकतं. आणि कधी थेट नियमभंगाचं कारण देऊन बंद करतात, तिथे अपील करून वाट पाहावी लागते आणि खात्री कोणीच देऊ शकत नाही. तुम्ही मधल्या प्रकारात आहात, त्यातल्या त्यात बरा प्रकार. पण याआधी ‘ऑटोमेशन वापरताय’ असा इशारा येऊन गेला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आला असेल आणि तरी एक्स्टेन्शन चालूच राहिलं असेल, तर माझा अंदाज जरा कमी आशेचा धरा.

ओळखपत्र द्यायचं. पण ते कुठे बसून देता याला महत्त्व आहे. मेलमध्ये आलेल्या लिंकवरून जाऊ नका. फोनमधलं ॲप स्वतः उघडा, लॉगिन करा, तिथे जी सूचना दिसेल तिच्यातूनच पुढे जा. कोणती ओळखपत्रं चालतात याची यादी तिथेच दिसते, त्यातलं एक निवडा आणि चांगल्या उजेडात, चारही कोपरे येतील असा फोटो काढा. झेरॉक्सचा फोटो टाकू नका.

आणि कॅफेत जाऊ नका. आपल्याकडच्या कुठल्याही सेतू केंद्रावर किंवा कॅफेत कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर उघडून पाहा. आधारच्या पीडीएफ, कुणाच्या पासबुकाचा फोटो, कुणाचं जात प्रमाणपत्र, सकाळपासून आलेल्या प्रत्येकाचं काही ना काही तिथे पडलेलं असतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं, पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेलाच असतो, आणि फाइलचं नाव बहुतेक वेळा त्या माणसाचंच ठेवलेलं असतं. बाजूला व्हॉट्सॲप वेबही उघडं असतं, कारण ग्राहकाने कागदं त्यावरच पाठवलेली असतात. केंद्रवाला प्रामाणिक असतो हो, मीही त्यातलाच. पण दिवसभरात त्या खुर्चीवर कोण कोण बसतं याचा हिशोब कोणाकडेच नसतो.

नावाचं काय? खात्यात शिरताच येत नाही म्हणून आत्ता ते बदलता येणार नाही. कागद पाठवताना किंवा त्यांचं उत्तर आलं की साध्या इंग्रजीत दोन ओळी लिहा: प्रोफाइलवर टोपणनाव होतं, ओळखपत्रावरचं नाव हे माझं खरं नाव, खातं उघडलं की प्रोफाइलवरही तेच करतो, रिक्वेस्ट एका एक्स्टेन्शनमधून गेल्या, ते काढून टाकलं आहे. आणि हे लिहिण्याआधी ते खरंच काढा. ‘माझं खातं कोणीतरी हॅक केलं होतं’ अशी थाप मारण्याचा मोह अनेकांना होतो. मारू नका. कुठल्या मशीनवरून काय झालं याची नोंद त्यांच्याकडे असते.

खातं सुटल्यावर पहिलं नाव आणि आडनाव आधारवर आहे तसंच ठेवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. आपल्याकडे हा घोळ फार. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. सगळीकडे एकदम दुरुस्त होणार नाही, पण निदान लिंक्डइन आणि आधार जुळवून घ्या. ‘कृषिमित्र’ हवंच असेल तर ते नावाखालच्या हेडलाइनमध्ये टाका. नावाच्या रकान्यात पदवी, फोन नंबर, चिन्हं टाकणं त्यांच्या नियमात बसत नाही.

नवीन खातं काढू नका. नियम स्पष्ट आहे: एका माणसाचं एकच खातं, तेही खऱ्या नावाने, आणि ज्याच्यावर आधीच निर्बंध आहे त्याला नव्याने खातं उघडण्याची मुभा नाही. कॅफेवाला पाच मिनिटांत काढून देईल, त्यात शंका नाही. पण तोच फोन, तीच कंपनी, तेच कॉलेज, तेच ओळखीचे. पकडायला किती वेळ लागणार? मग पहिलं सुटण्याची जी संधी होती तीही जाते. पहिल्याचा निकाल लागेपर्यंत हात आवरा.

आता भाड्याचं. तीन हजार रुपये महिना, बसल्या जागी, हे ऐकायला गोड लागतं. तुमच्या भावाला हे असं समजावून सांगा: शेत मक्त्याने दिलं तर मक्तेदार पीक नेतो, जमीन सातबाऱ्यावर आपल्याच नावाने राहते आणि वर्षाने परत हातात येते. इथे मक्तेदार आला की पहिल्या दिवशी ईमेल आणि नंबर बदलतो. नाव, फोटो, कंपनी, कॉलेज भावाचं राहतं, ताबा त्याचा. आणि त्या चेहऱ्यामागून तो काय पेरेल हे आपल्या हातात नाही. जुनी, खऱ्या माणसाची, खऱ्या ओळखींची खाती यांना एवढ्यासाठीच हवी असतात की नव्या खात्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यावरून खोट्या नोकऱ्या विकतात, गुंतवणुकीच्या स्कीम पाठवतात, कधी भावाच्याच ओळखीच्या लोकांकडे पैसे मागतात. फसलेला माणूस तक्रार देतो तेव्हा त्यात नाव भावाचं असतं. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ क आणि ६६ ड ही कलमं आहेत, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची. भाऊ आरोपी ठरेल असं मी म्हणत नाही, ते तपासावर आहे. पण ‘मला माहीत नव्हतं, मी फक्त भाड्याने दिलं होतं’ हे सांगायला त्याला ठाण्याच्या चकरा माराव्या लागतील. कमिशनवर बँक खाती वापरायला दिलेली पोरं आज हेच करतायत. शिवाय लिंक्डइनच्या करारात खातं दुसऱ्याला देणं, भाड्याने देणं, विकणं थेट मना आहे. त्या टेलिग्रामवाल्याशी घासाघीस करू नका. स्क्रीनशॉट ठेवा, रिपोर्ट करा, ब्लॉक करा, आणि भावाला आजच सांगून ठेवा, कारण तुमच्याकडून जमलं नाही तर तो थेट भावाला गाठेल.

पुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भानगडी इथूनच सुरू होतात. तुमचं जीमेल कोणी काढून दिलं?

गावात बहुतेकांचं जीमेल मोबाइल घेताना दुकानदार काढून देतो. गिऱ्हाईक घाईत, दुकानात गर्दी. पासवर्ड तोच ठरवतो, बहुधा नावापुढे १२३ लावून. रिकव्हरीला कधी स्वतःचा नंबर टाकतो, कधी काहीच टाकत नाही. मग माणूस त्याच जीमेलवर लिंक्डइन, फोनपे, नोकरीचे अर्ज सगळं उभं करतो. लिंक्डइनचा पासवर्ड कितीही अवघड ठेवा, ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की नवीन पासवर्डची लिंक त्या जीमेलवरच जाणार. म्हणून आधी गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर जा आणि रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते पाहा. दुसऱ्याचा असेल तर काढा. पासवर्ड बदला. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, चालू करा आणि गूगल जे दहा बॅकअप कोड देतं ते कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी तो कागद कामाला येतो.

नंबरचंही तसंच. घरात सिम चार, नावावर कोणाच्या ते कोणाला आठवत नाही. रिचार्ज संपलेलं सिम कोपऱ्यात पडून राहतं आणि नंबर बंद होतो. नियमाप्रमाणे बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर तो कोणाच्याही हातात जाऊ शकतो, आणि मग तुमचा ओटीपीही त्याच्याच हातात. लिंक्डइनला, जीमेलला आणि आधारला जोडलेला नंबर एकच, चालू आणि तुमच्याच नावाचा असू द्या. आधारचा जुना असेल तर आधार केंद्रात जाऊन बदला. हे आणखी एका कारणासाठी सांगतो: भारतात लिंक्डइनवर डिजिलॉकरमधून आधारने ओळख पडताळून प्रोफाइलवर खूण मिळवता येते, आणि तो ओटीपी आधारच्याच नंबरवर येतो. ही पडताळणी आणि अडकलेलं खातं सोडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण खातं सुटल्यावर ती खूण जरूर घ्या.

दोन टप्प्यांची पडताळणी लिंक्डइनलाही लावा, आणि जमलं तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपची. तुमच्या भागात टॉवर कधी असतो, कधी नसतो. लाइन गेली की तोही जातो. एसएमएस अर्ध्या तासाने येतो तोवर कोड मेलेला असतो. ऑथेंटिकेटर फोनमध्येच आकडे काढतो, त्याला रेंज लागत नाही. एकच पथ्य: फोनची तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. घड्याळ दोन-चार मिनिटं पुढेमागे असलं तरी कोड चुकीचा ठरतो, आणि लोक उगाच पासवर्ड बदलत बसतात.

घरचा फोन सगळ्यांचा मिळून एकच असेल तर? तर ॲप उघडं ठेवू नका, काम झालं की लॉगआउट करा. भाच्याने गेमसाठी फोन घेतला आणि मामाच्या नावाने कंपनीच्या मॅनेजरला इमोजी गेले, असंही पाहिलंय.

ईमेलबद्दल आणखी एक. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या मेलवर खातं काढलेलं असेल तर ते मेल तुमचं नसतं. कंत्राट संपलं की ते बंद होतं. स्वतःचं जीमेल मुख्य करा. आणि पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. २०१२ मध्ये खुद्द लिंक्डइनचे पासवर्ड चोरीला गेले होते. २०१६ मध्ये त्या चोरीतले जवळपास ११.७ कोटी खात्यांचे ईमेल आणि पासवर्ड विक्रीला आल्याचं उघड झालं. मधली चार वर्षं ज्यांनी तोच पासवर्ड सगळीकडे ठेवला त्यांचं काय झालं असेल, विचार करा.

आता रिक्वेस्टचं. तुमचा उद्देश चुकीचा नव्हता, पद्धत अंगाशी आली. अनोळखी एचआरला रिक्वेस्ट गेली की तो ती तशीच पडू देतो किंवा ‘ओळखत नाही’ दाबतो. अशा पडून राहिलेल्या आणि नाकारलेल्या रिक्वेस्टचा ढीग झाला की लिंक्डइन तुम्हाला स्पॅमवाला धरतं. आठवड्याला किती चालतात याचा आकडा कंपनी जाहीर करत नाही. वापरणाऱ्यांच्या अनुभवात तो शंभराच्या आसपास घुटमळतो, नव्या किंवा बदनाम झालेल्या खात्याला त्याहून कमी. मी मुलांना शंभराच्या जवळही जाऊ देत नाही. दिवसाला चार-पाच, हाताने, प्रोफाइल वाचून.

आणि सुरुवात ओळखीच्यांपासून. कॉलेजचे वर्गमित्र, प्राध्यापक, ज्यांच्या कृषी केंद्रात तुम्ही बियाणं पोचवत होतात ते दुकानदार, जुने एरिया मॅनेजर, कृषी विज्ञान केंद्रातले ओळखीचे शास्त्रज्ञ. हे लोक रिक्वेस्ट घेतात, आणि नोकरीची पहिली खबरही बहुधा यांच्याकडूनच येते. अनोळखी माणसाला पाठवायचीच तर दोन ओळींची नोट जोडा. फुकटच्या खात्याला अशा नोटा महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून जपून. ‘सर, जॉब असेल तर सांगा’ यावर कोणी उत्तर देत नाही. असं लिहा: ‘सर, पांढरकवडा भागात कापसाचे प्रात्यक्षिक प्लॉट सांभाळले, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून घेतले. तुमच्या कंपनीचं यवतमाळ जिल्ह्यातलं काम पाहून संपर्क करतोय.’ एचआरला यात माणूस दिसतो. जे केलं नाही ते मात्र लिहू नका. फील्ड ऑफिसरचा ॲग्रोनॉमिस्ट करून टाकलेला मला फोनवर दुसऱ्या प्रश्नालाच कळतो. कंपनी निवडताना नावाचं नीट पाहा. बियाण्यांच्या कंपन्यांची नावं एकमेकांसारखी असतात. चुकीचं पान जोडलं तर त्या कंपनीला तुम्ही खोटे कर्मचारी वाटता, आणि ते तशी तक्रार करू शकतात.

काम शोधणाऱ्याच्या मागे खोटे एचआर लागतात, तेव्हा तेही सांगतो. ‘सिलेक्शन झालं, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, परत मिळेल’ म्हणणारा, लगेच टेलिग्रामवर ओढणारा, जॉबची माहिती म्हणून झिप फाइल किंवा ॲप पाठवणारा, हे तिघेही टाळा. शिकले-सवरलेलेही यात सापडतात: २०२२ मध्ये ॲक्सी इन्फिनिटी या गेमच्या कंपनीची साठ कोटी डॉलरच्या आसपासची चोरी झाली, तिची सुरुवात लिंक्डइनवरच्या खोट्या नोकरीच्या पीडीएफपासून झाल्याच्या बातम्या होत्या. समोरच्याच्या प्रोफाइलवर ‘अबाउट धिस प्रोफाइल’ दाबून तो कधी सामील झाला, काही पडताळलेलं आहे का ते पाहा. मोठ्या कंपनीचा एचआर आणि खातं गेल्या महिन्यातलं, असं दिसलं तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून विचारा. परदेशातली नोकरी असेल तर एजंट ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते तपासल्याशिवाय पासपोर्ट दाखवू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच रोखली जाण्याची शक्यता जास्त.

खातं सुटलं की त्याच दिवशी करायचं एवढंच: सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या पानावर कुठे-कुठे लॉगिन आहे ती यादी उघडा, स्वतःचा फोन सोडून सगळीकडून बाहेर पडा, मित्राच्या लॅपटॉपसकट. पासवर्ड बदला. जोडलेल्या बाहेरच्या ॲपची परवानगी काढा. नाव दुरुस्त करा. पडून असलेल्या रिक्वेस्ट रोज थोड्या थोड्या मागे घ्या. ज्याची मागे घेतली त्याला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही, हे लक्षात असू द्या. मग ‘गेट अ कॉपी ऑफ युअर डेटा’मधून आपल्या ओळखींची यादी उतरवून गूगल ड्राइव्हवर ठेवा.

निकालाला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. माझ्यासमोर दोन-तीन दिवसांत सुटलेली खातीही आहेत आणि महिनाभर लटकलेलीही. आठवडाभर काहीच आलं नाही तर त्याच तक्रारीखाली एकदा नम्रपणे विचारा. रोज नवीन अर्ज टाकू नका. तोवर बायोडेटा थेट कंपन्यांच्या करिअर पानावर आणि जुन्या एरिया मॅनेजरला मेलने पाठवा. खरिपाची भरती उन्हाळ्यातच सुरू होते, ती लिंक्डइनसाठी थांबत नाही. ओळखपत्र नाकारलं तर काय कारण दिलं ते शब्दशः इथे लिहा, आधार नंबर खोडून. पुढचं त्यावर ठरेल.